तीन तिगाडा, काम बिगाडा: कोंडीत सापडलेले चुंबक

तळ्यात_मळ्यात

मागच्या आठवड्यात एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "चुंबकावर अजून संशोधन करण्यासारखं उरलंय काय?" प्रतिसाद लिहायला बसलो, तो इतका लांबला की वेगळा धागाच काढला. या विषयात मी काही वर्षं घातली, पदवी घेतली आणि बाहेर पडलो. आता पोटापाण्याचं काम वेगळं आहे. कुणाचीच बाजू घ्यायची गरज उरलेली नाही, हा एक फायदा.

शाळेतला चुंबक म्हणजे लोखंड. प्रत्येक अणूला एक बारीकशी सुई आहे असं समजा. तिला पुढे स्पिन म्हणतो. सगळ्या सुया एका दिशेला वळल्या की झाला चुंबक. पण उलट्या स्वभावाचेही भरपूर पदार्थ असतात: शेजारी वर, तर मी खाली. भाऊबंदकीच म्हणा ना. हे अँटिफेरोचुंबक. वर-खालीची बेरीज शून्य होते, त्यामुळे बाहेरून पत्ता लागत नाही. लुई नेएल यांनी १९३० च्या दशकात ही कल्पना मांडली आणि १९४९ मध्ये शल आणि स्मार्ट यांनी मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉन सोडून ती रचना प्रत्यक्ष दाखवली.

चौकोनी जाळीवर ही भाऊबंदकी सुखाने नांदते. बुद्धिबळाचा पट डोळ्यांपुढे आणा: काळ्या घरात वर, पांढऱ्या घरात खाली, कुणाची तक्रार नाही. आता त्रिकोण घ्या. पहिला वर, दुसरा खाली. तिसऱ्याने काय करायचं? वर झाला तर पहिल्याशी बिनसतं, खाली झाला तर दुसऱ्याशी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तीन सुयांच्या एकूण आठ मांडण्या होतात, त्यातल्या सहा सारख्याच बऱ्या आणि सारख्याच वाईट.

एका त्रिकोणाचं हे, तर अख्ख्या जाळीचं काय? वॅनियर यांनी १९५० मध्ये हिशेब मांडला. निरपेक्ष शून्यावरसुद्धा दर स्पिनमागे ०.३२३ इतकी एन्ट्रॉपी, म्हणजे गोंधळाचं माप, शिल्लक राहते (बोल्ट्झमनच्या स्थिरांकाच्या मापात). पूर्ण गोंधळ असता तर आकडा ०.६९३ असता. म्हणजे कितीही थंड करा, जवळपास निम्मा गोंधळ तसाच. मास्तरांनी घोकून घेतलेला "शून्य तापमानाला एन्ट्रॉपी शून्य" हा नियम इथे लंगडा पडतो.

हे कागदावरचंच आहे असं वाटत असेल तर फ्रीजमधला बर्फ बघा. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनजवळ चार हायड्रोजन: दोन जवळचे, दोन लांबचे. कुठले दोन जवळचे, हे मात्र ठरलेलं नाही. पाउलिंग यांनी १९३५ मध्ये या 'न ठरलेपणा'ची एन्ट्रॉपी काढली आणि पुढच्याच वर्षी जिऑक आणि स्टाउट यांच्या मापनात जवळपास तोच आकडा आला. साठ वर्षांनी, १९९७ मध्ये, हीच गंमत होल्मियम टायटनेटमध्ये सापडली. इथे स्पिन चौफलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या ठोकळ्याच्या) कोपऱ्यांवर बसतात आणि नियम असा: दोन आत, दोन बाहेर. १९९९ मध्ये डिस्प्रोशियम टायटनेटची विशिष्ट उष्णता मोजली, तर पाउलिंगचाच आकडा बाहेर पडला. म्हणून नाव पडलं स्पिन आइस.

आणि २००८ मध्ये कास्तेलनोव्हो, मोस्नर आणि शिवाजी सोंधी यांनी दाखवलं की यातला एक स्पिन उलटला की एका चौफलकात तीन आत आणि शेजारच्यात तीन बाहेर होतात. ही दोन 'चुकलेली' ठिकाणं एकमेकांपासून हवी तितकी लांब जाऊ शकतात आणि सुट्या उत्तर व दक्षिण ध्रुवासारखी वागतात. एकध्रुवी चुंबक! (खरा विश्वव्यापी एकध्रुव नव्हे हं. स्फटिकाबाहेर त्याला अस्तित्व नाही. वर्तमानपत्रांनी तेव्हा हे कंस गाळले होते.)

इथवर सगळं साध्या सुयांचं. खरी मजा स्पिन अगदी लहान असतो तेव्हा, उदाहरणार्थ तांब्याच्या आयनावरचा अर्धा स्पिन. तो पुंज (क्वांटम) नियमांनी चालतो. दोन शेजारी मिळून जोडी करतात, तिचा एकूण स्पिन शून्य. फिलिप अँडरसन यांनी १९७३ मध्ये म्हटलं: त्रिकोणी जाळीवर स्पिन कधी शिस्तीत उभे राहणारच नाहीत. सगळे जोड्या करतील, आणि जोड्या लावण्याच्या सगळ्या तऱ्हा एकाच वेळी एकमेकींत मिसळलेल्या असतील. फुगडीसारखं, पण कोण कुणाबरोबर फेर धरतंय हे न ठरलेलं. 'आळीपाळीने' नव्हे, 'एकाच वेळी'. इथे माझी उपमा संपते. या अवस्थेला पुंज स्पिन-द्रव म्हणतात.

पुढे गणितांवरून दिसलं की साध्या त्रिकोणी जाळीवर स्पिन शेवटी एकमेकांशी १२० अंश करून शिस्तीत उभे राहतात. त्या जाळीपुरता अँडरसनचा अंदाज चुकला. कल्पना मात्र जगली आणि गेली पन्नास वर्षं लोक तो द्रव दगडात शोधताहेत.

आता माझा मुद्दा, ज्यासाठी एवढं दळण दळलं. स्पिन-द्रवाची ओळख 'काय नाही' यावरून सुरू होते. थंड केलं, शिस्त आली नाही. आणखी थंड केलं, तरी नाही. पण शिस्त न येण्याचं दुसरं कारण अगदी गावंढळ असू शकतं: नमुना घाणेरडा आहे. अणू चुकीच्या जागी बसलेत, म्हणून स्पिन गोंधळलेत. या दोन गोंधळांत फरक कसा करायचा, यातच माझ्या मते हे सगळं क्षेत्र अडकून पडलंय. सिद्धांतवाले रोज नवा द्रव कागदावर काढतात. अडलंय ते भट्टीपाशी.

नुसताच_वाचक

वाचतोय. भाऊबंदांऐवजी तीन जावा घेतल्या असत्यात तर पहिल्याच ओळीत कळलं असतं.

व्युत्पत्तीवेडा

लेख आवडला, पण 'कोंडी' पटत नाही. मूळ शब्द फ्रस्ट्रेशन, त्याला मराठीत वैफल्य आहे. 'वैफल्यग्रस्त चुंबक' का नाही?

तळ्यात_मळ्यात

वैफल्य म्हणजे धडपड करून हाती काही न लागणं. इथे स्पिन काही हरलेला नाही, तो दोन मागण्यांमध्ये अडकलाय. चौकात चारही बाजूंनी गाड्या घुसल्या की होते ती कोंडी. शिवाय 'वैफल्यग्रस्त चुंबक' म्हटलं की डोळ्यांसमोर दाढी वाढवलेला चुंबक येतो. इंग्रजीतला शब्दसुद्धा विनोदीच आहे म्हणा. झेरार तूलूझ यांनी १९७७ मध्ये स्पिन-काचेच्या (जिथे स्पिन वेड्यावाकड्या दिशांना थिजून बसतात त्या पदार्थांच्या) संदर्भात तो रूढ केला आणि सगळ्यांच्या तोंडी बसला.

रानजाई

मी विज्ञानातली नाही, पण या विषयात 'कागोमे' नावाची जाळी असते असं कुठेतरी वाचलं होतं. तो जपानी शब्द आहे ना? टोपलीशी काही संबंध?

तळ्यात_मळ्यात

बरोबर. कागो म्हणजे टोपली, मे म्हणजे डोळा. बांबूच्या टोपलीच्या विणीतले 'डोळे'. इतिरो स्योझी यांनी १९५१ मध्ये या जाळीवर पहिला निबंध लिहिला, तेव्हापासून हे नाव. षटकोनाभोवती त्रिकोण, आणि दोन त्रिकोण केवळ कोपऱ्यावर एकमेकांना शिवतात. त्रिकोणी जाळीत प्रत्येकाला सहा शेजारी, इथे चारच. धाक दाखवणारे शेजारी कमी, त्यामुळे शिस्त लागणं आणखी अवघड. स्पिन-द्रव शोधणाऱ्यांची ही लाडकी जाळी.

रानजाई

अहो, मग ही तर आमच्या डालग्याची वीण! आजोळी कोंबड्या झाकायला डालगं असायचं, तिन्ही बाजूंनी तिरक्या कामट्या आणि मध्ये सहा कोनांची भोकं. विणणारे काका सांगायचे, या विणीला कामट्या कमी लागतात आणि तरी ती ढळत नाही. पिल्लांची चोच बाहेर येते, मुंगसाचं तोंड आत जात नाही. त्यात भौतिकशास्त्र आहे हे आज कळलं.

शंकेखोर

दोन प्रश्न. (१) दगडाला 'द्रव' का म्हणायचं? वितळतो का तो? (२) 'काही घडलं नाही' हा शोध कसा काय? मी उद्या लोखंडाचा गंज थंड करून 'काही घडलं नाही' म्हणून जाहीर करू का?

तळ्यात_मळ्यात

(१) दगड दगडच राहतो, अणू जागचे हलत नाहीत. ठरलेल्या मांडणीत थिजत नाहीत ते स्पिन. पाणी बर्फ व्हायला नकार देतं तसं.

(२) गंजाचं नका जाहीर करू, त्यातले स्पिन खोलीच्या तापमानालाच शिस्तीत उभे असतात. :) पण प्रश्न रास्त आहे. 'नाही' बरोबर एक 'आहे' लागतंच. ते असं. साध्या चुंबकात एक स्पिन उलटवला तर तो खळगा लाटेसारखा पुढे सरकतो. न्यूट्रॉन मारून बघितलं की ऊर्जा आणि दिशा यांची स्वच्छ रेघ मिळते. स्पिन-द्रवात तोच धक्का दोन अर्ध्या तुकड्यांत फुटतो आणि तुकडे सुटे भटकतात. त्यांना स्पिनॉन म्हणतात. दोघांनी ऊर्जा कशीही वाटून घेतलेली असते, त्यामुळे रेघेच्या जागी पसरलेला धूसर पट्टा दिसतो. २०१२ मध्ये हर्बर्टस्मिथाइट नावाच्या कागोमे जाळीवाल्या पदार्थाच्या स्फटिकात असा पट्टा दिसला, तेव्हा मोठा गाजावाजा झाला होता.

ग्यानबाची मेख अशी की घाणेरड्या नमुन्यातही रेघ पसरते.

शंकेखोर

म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

खडीसाखर

इतके दिवस नुसतं वाचत होते, पण आता भट्टीचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी स्फटिक वाढवते. धागाकर्त्यांच्या मुद्द्याशी निम्मी सहमत आहे.

हर्बर्टस्मिथाइटचंच घ्या. चिलीत सापडलेलं हिरवं खनिज, हर्बर्ट स्मिथ या ब्रिटिश खनिजतज्ज्ञाचं नाव दिलेलं. तांब्याचे आयन नेमके कागोमे जाळीवर आणि दोन थरांच्या मध्ये जस्त, ज्याला चुंबकत्वच नाही. २००५ मध्ये एमआयटीत ते प्रयोगशाळेत शुद्ध रूपात बनवलं. स्पिनांमधली ओढाताण सुमारे २०० केल्विनइतकी जबर, आणि ०.०५ केल्विनपर्यंत नेलं तरी शिस्त नाही. कागदावर याहून गुणी दगड सापडणार नाही.

पण तांबं आणि जस्त हे आवर्त सारणीत शेजारी-शेजारी, २९ आणि ३०. आकार जवळपास सारखा, भार सारखा. त्यामुळे जस्ताच्या घरात तांबं खुशाल जाऊन बसतं. किती? सुमारे १५ टक्के घरांत! आणि नेहमीच्या क्ष-किरणांना हे ओळखू येत नाही, कारण दोघांत एकाच इलेक्ट्रॉनचा फरक. त्यासाठी क्ष-किरणांची ऊर्जा त्या-त्या मूलद्रव्याच्या काठावर आणून वेगळं मापन करावं लागलं, तेव्हा २०१० मध्ये कळलं की कागोमे थर बऱ्यापैकी स्वच्छ आहेत, भेसळ मधल्या थरांत आहे.

आता ही १५ टक्के भुतं कमी तापमानाला प्रत्येक मापनात नाचतात. ऊर्जेची फट आहे की नाही, म्हणजे स्पिनांना हलवायला ठरावीक किमान ऊर्जा लागते की नाही, एवढा साधा प्रश्न. २०१५ मध्ये ऑक्सिजनच्या अणुकेंद्राचा चुंबकी अनुनाद मोजून एका गटाने सांगितलं, फट आहे. २०२० मध्ये दुसऱ्या गटाने त्याच पदार्थात, त्याच अणुकेंद्रावर, त्याच पद्धतीने मोजून सांगितलं, फट नाही. संगणकवाल्यांतही असेच दोन तट आहेत.

काम कसं असतं तेही सांगते, म्हणजे 'भट्टीपाशी अडलंय' याचा अर्थ कळेल. क्वार्ट्झच्या नळीत कच्चा माल आणि पाणी घालून ती सील करायची. भट्टीचं एक टोक किंचित गरम, दुसरं किंचित थंड. पदार्थ गरम टोकाला विरघळतो आणि थंड टोकाला कणाकणाने जमतो. महिनोन् महिने. खडीसाखरेची दोरी पाण्यात सोडतात तसंच, नुसती घाई चालत नाही. न्यूट्रॉनसाठी हवा असेल तर साधं पाणी चालत नाही, जड पाणी घ्यावं लागतं, कारण साधा हायड्रोजन न्यूट्रॉन इकडेतिकडे उधळून लावतो. मी पूर्वी होते त्या प्रयोगशाळेत (नाव राहू दे) दहाव्या आठवड्यात रात्री वीज गेली. जनरेटर होता, तो वातानुकूलनाला जोडलेला. सकाळी नळीत हिरवी पेंड.

असहमती इथे आहे: 'घाणेरडा नमुना' हे गावंढळ कारण नाही. कुठला अणू कुठे चुकतो याला शिस्त असते आणि ती शोधणं हेही भौतिकशास्त्रच. यटर्बियम टायटनेटचं उदाहरण घ्या. विशिष्ट उष्णतेचं टोक पावडरीत ०.२६ केल्विनच्या आसपास टोकदार यायचं, आणि मेहनतीने वाढवलेल्या मोठ्या स्फटिकांत पसरट आणि खाली सरकलेलं. प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं. शेवटी लक्षात आलं की वितळवून वाढवताना थोडं यटर्बियम टायटॅनियमच्या जागी घुसतं. म्हणजे दिसायला देखणा स्फटिक लबाड आणि गरीब पावडर खरी. हे कळायला काही वर्षं गेली, पण ती वाया गेली असं मी म्हणणार नाही.

तळ्यात_मळ्यात

'गावंढळ' मागे घेतो. जनरेटर वातानुकूलनाला, हे वाचून पोटात कालवलं.

मधली_सुट्टी

'हिरवी पेंड' हे भारी आहे. +१

जुना_विद्यार्थी

एक गोष्ट कुणी काढली नाही म्हणून लिहितो. या विषयातल्या अगदी पहिल्या बिनतोड उत्तरांपैकी एक मुंबईत निघालं. १९६९, कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, चंचल कुमार मजुमदार आणि दीपन घोष. जगभर मजुमदार-घोष प्रतिमान (मॉडेल) म्हणून शिकवतात. म्हणजे अँडरसनच्या निबंधाच्या चार वर्षं आधी.

एका रांगेत अर्ध्या स्पिनचे अणू. प्रत्येकाचं शेजाऱ्याशी भांडण, आणि शेजाऱ्याच्या शेजाऱ्याशी बरोब्बर निम्म्या जोराचं भांडण. इथे जाळी नाही, तरी तिगाडा आहेच: लागोपाठचे कुठलेही तीन अणू घ्या, तो एक त्रिकोणच. यांनी दाखवलं की रांग अशी सुटते: पहिला-दुसरा जोडी, तिसरा-चौथा जोडी, असं शेवटपर्यंत. किंवा एक घर सरकवून दुसरा-तिसरा, चौथा-पाचवा. बस्स, दोनच उत्तरं, आणि दोन्ही नेमकी. सिद्धता एका फळ्यावर मावते. सगळी ऊर्जा तिघा-तिघांच्या गटांची बेरीज म्हणून लिहायची. तिघांत कुठलेही दोघे जोडीत असले की तो गट जास्तीत जास्त शांत. वरच्या मांडणीत प्रत्येक तिघांत एक जोडी असतेच. संपलं.

मी फळ्यावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, एवढंच? मग रात्री झोप आली नाही.

मजुमदारांचेच विद्यार्थी श्रीराम शास्त्री. त्यांनी बिल सदरलँड यांच्याबरोबर १९८१ मध्ये हीच युक्ती दोन मितींत नेली, एका विचित्र जाळीवर. तेव्हा ती कुणालाही निव्वळ गणिती करमणूक वाटली असती. १९९९ मध्ये जपानी गटाने स्ट्राँशियम, तांबं आणि बोरेटच्या एका संयुगात तांब्याचे अणू त्याच जाळीचं रूप घेऊन बसलेत हे दाखवलं. निसर्गाने अठरा वर्षांनी निबंध वाचला म्हणायचं.

शंकेखोर

हे मुंबईचं माहीत नव्हतं. पण यात 'द्रव' कुठे आहे? जोड्या तर ठरलेल्या आहेत.

जुना_विद्यार्थी

अचूक पकडलंत. हा द्रव नाही. जोड्यांचा स्फटिक म्हणा. द्रव व्हायला जोड्यांनी सगळ्या मांडण्यांत एकाच वेळी असायला हवं. पण स्पिनॉन इथेही आहेत: रांगेत एका बाजूला पहिली मांडणी, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि सांध्यावर एक एकटा पडलेला अर्धा स्पिन.

व्यवहारी

सगळं ठीक. उपयोग काय?

तळ्यात_मळ्यात

हा प्रतिसाद येणार हे माहीत होतं, उशीर केलात. अलेक्सेई किताएव यांनी २००६ मध्ये मधमाशांच्या पोळ्यासारख्या जाळीवरचं एक प्रतिमान नेमकं सोडवलं. त्यातल्या उत्तेजनांत माहिती अशी साठवता येईल की एखाद-दुसऱ्या अणूच्या खोडसाळपणाने ती बिघडणार नाही. पुंज संगणकवाल्यांना हेच हवंय. त्या नादात सगळे रुथेनियम ट्रायक्लोराइडच्या मागे लागले. त्यात ७ केल्विनला शिस्त येते, पण चुंबकी क्षेत्राने ती मोडता येते. २०१८ मध्ये क्योटोच्या गटाने तिथे उष्णतावहनाचा एक आकडा अपेक्षित मापाच्या बरोब्बर अर्धा येतो असं मोजलं. तो अर्धा म्हणजे किताएवच्या कणांची सही. नंतर बाकीच्यांनी मोजलं, तर कुणाला आला, कुणाला नाही. कुणी म्हणालं, हे तर स्फटिकाच्या साध्या कंपनांचं काम.

उपयोग आज शून्य. मी त्यासाठी त्यात पडलो नव्हतो.

खडीसाखर

रुथेनियम ट्रायक्लोराइडबद्दल एक भर. त्याचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे असतात, हाताळताना सरकतात. थर चुकले की ७ ऐवजी १४ केल्विनला दुसरंच टोक उगवतं. स्फटिक वाकवू नका, चिमट्याने दाबू नका, डिंकाने चिकटवताना ताण देऊ नका. आमच्याकडे नवीन मुलांना पहिले दोन महिने नुसतं उचलायला शिकवतात.

शंकेखोर

शेवटचा प्रश्न, मग गप्प बसतो. पैज लावायची तर आजच्या तारखेला एक तरी दगड आहे का, ज्यात पुंज स्पिन-द्रव आहे असं सगळे मान्य करतील?

तळ्यात_मळ्यात

सगळे? नाही. स्पिन आइसबद्दल वाद नाही, पण तो साध्या सुयांचा मामला. मॅग्नेशियम-गॅलियमवाल्या यटर्बियमच्या संयुगावर २०१५ नंतर बरेच जण भाळले होते. पण त्यात मॅग्नेशियम आणि गॅलियम चिठ्ठ्या टाकल्यासारखे कुठेही बसतात, आणि २०१८ पर्यंत 'ही तर स्पिन-काच' असं म्हणणारे पुढे आले. २०२१ मध्ये हार्वर्डच्या गटाने दगडच सोडून दिला. प्रकाशाच्या चिमट्यांनी २१९ अणू एकेक करून मांडले आणि त्यात द्रवाच्या खुणा दाखवल्या. ते सुंदरच आहे, पण माझं मन दगडात अडकलंय. दगड कुणी मांडत नाही, तो आपला आपण तसा असतो.

पैज लावायचीच तर सेरियम झिर्कोनेटवर लावीन. रचना स्पिन आइसचीच, पण अर्ध्या स्पिनची, आणि जागांची अदलाबदल त्यामानाने कमी.

खडीसाखर

कमी, पण हवेतल्या ऑक्सिजनमुळे सेरियमच्या आयनाचा भार तीनचा चार होतो आणि त्याचं चुंबकत्वच जातं. ताजा कापलेला तुकडा आणि महिनाभर टेबलावर पडलेला तुकडा एकच समजू नका. पैज लावण्याआधी तुकडा कधी कापला ते विचारा.

रानजाई

मामाला फोन केला होता. डालगं अजून आहे, माळ्यावर. दोन कामट्या तुटल्यात, बाकी वीण शाबूत. फोटो काढून पाठवतो म्हणालाय, आला की इथे लावते.